उघडे पत्र हाती आले तर

नहेम्या यरुशलेमेचा कोट बांधीत असता सन्बल्लटाने पाचव्या वेळी आपल्या चाकराच्या हाती त्यास पत्र पाठविले, आणि ते पत्र उघडे होते असे शास्त्र मुद्दाम सांगते (नहेम्या 6:5). मोहर नसलेले पत्र वाटेत कोणीही वाचावे व त्यातील अफवा गावभर व्हावी, हाच त्यातील हेतू दिसतो. पण पत्र उघडे होते म्हणून वाटेवरच्या प्रत्येकास ते वाचण्याचा अधिकार होता काय? प्रश्न जुना आहे. परंतु आमच्या मंडळ्यांतील काही तरुणांपुढे तो आज रोजच्या कामात उभा राहतो, म्हणून त्याचा येथे थोडा विचार करू.

संगणकाच्या कामावर असलेल्या एका तरुणाने उपासनेनंतर आम्हांस आपली अडचण सांगितली. ती समजण्यास त्याचे काम थोडे समजून घेतले पाहिजे. आज मोठ्या संस्थांचे काम एका यंत्रावर चालत नाही. अनेक संगणक एकत्र जोडून त्यांचा समूह करतात. त्यास क्लस्टर म्हणतात. असे समूह चालविण्याची, 2014 साली जगापुढे आलेली एक प्रसिद्ध व्यवस्था आहे. तिचे नाव कुबरनेटीज. हा ग्रीक शब्द आहे व त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. पौलाच्या गलबतावरील ज्या तांडेलाचे शताधिपतीने ऐकले, त्याच्यासाठी प्रेषितांची कृत्ये 27:11 मध्ये मूळ ग्रीकात हाच शब्द आहे. आणि मंडळीतील कृपादानांच्या यादीत (1 करिंथ 12:28) कारभार पाहण्याच्या दानासाठी आलेला शब्दही त्याच कुळातला आहे.

समूहातील यंत्रे एकमेकांशी सतत बोलत असतात. हे बोलणे लहान लहान पुडक्यांतून जाते. त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटाच्या आरंभी पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता व अनुक्रम असतो, आणि पुढे मजकूर असतो. म्हणजे लखोटा आणि पत्र. काही बिघाड झाला की देखरेख करणारा पडद्यावर एक आज्ञा टाइप करून ही पॅकेटे टिपून घेतो व तपासतो. त्यासाठी टीसीपीडम्प नावाचे साधन फार वापरतात. अमेरिकेतील बर्कली येथील प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 1988 च्या सुमारास तयार केले. कोणत्या यंत्राचे, कोणत्या दाराचे, किती पॅकेटांचे व प्रत्येकातील किती बाइटांचे टिपण घ्यावे, हे सर्व त्या एका आज्ञेत सांगता येते.

बाहेरून येणारा मजकूर बहुधा सांकेतिक रूपात, जणू मोहरबंद येतो. परंतु समूहाच्या वेशीशी ती मोहर उघडली जाते, आणि आत पुष्कळ ठिकाणी मजकूर उघडाच फिरतो. आमच्या या तरुणास एक बिघाड शोधताना अशाच टिपणात ओळखीच्या एका माणसाच्या आजाराची हकीगत दिसली. "मी शोधायला गेलो नव्हतो," तो म्हणाला, "पण दिसली. आता त्या माणसाला भेटतो तेव्हा माझी मान खाली जाते. माझे चुकले काय?"

आमचे उत्तर असे. दिसणे हे पाप नव्हे. नोहाची लज्जास्पद स्थिती हामाने पाहिली, आणि बाहेर जाऊन भावांस सांगितली. शेम व याफेथ यांनी खांद्यावर वस्त्र घेतले, ते पाठमोरे चालत गेले व बापास झाकले (उत्पत्ती 9:22, 23). दृष्टीस काय पडेल हे नेहमी आपल्या हाती नसते. पडल्यावर तोंड बाहेर वळवावे की पाठ फिरवून झाकावे, हे मात्र आपल्या हाती असते.

परंतु एवढ्यावर थांबता येत नाही. अधिकार कशासाठी दिला, हेही पाहिले पाहिजे. मंडळीचा खजिनदार दानाचे लखोटे उघडतो. त्यावाचून हिशेब होणार नाही. पण कोणी किती टाकले याची उजळणी तो घरी जेवताना करू लागला, तर चावी तीच असून तो चोर ठरतो. चावी कामापुरती असते. यंत्रांतील बिघाड पुष्कळदा लखोट्यावरूनच कळतो: एका यंत्राने दार ठोठावले व उत्तर आले नाही, किंवा तेच पॅकेट पुनःपुन्हा पाठवावे लागले, हे पत्त्यावरून व अनुक्रमावरून दिसते. तेथे मजकूर वाचण्याचे कारणच उरत नाही.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वरील साधन पूर्वी, वेगळे सांगितले नाही तर, प्रत्येक पॅकेटाचे पहिले 68 बाइटच घेई. लखोटा वाचण्यास तेवढे पुरत. आजची आवृत्ती तसेच न सांगता 262144 बाइटांपर्यंत, म्हणजे जवळजवळ नेहमी सगळेच पॅकेट, घेते. पूर्वी जास्त हवे तर मागावे लागे. आता थोडे हवे तर मुद्दाम सांगावे लागते. संयम यंत्राकडून निघून माणसाच्या अंतःकरणाकडे आला आहे. म्हणून आम्ही त्या तरुणास म्हटले: लागेल तेवढेच टीप, काम झाल्यावर टिपण पुसून टाक, आणि आत मजकूर उघडा फिरतो हे वरिष्ठांस सांग, म्हणजे तेथेही मोहर लागेल.

कोणी म्हणेल, ज्याच्या मनात पाप नाही त्याने कशाला लपवावे? देव तर सर्व पाहतोच. होय, पाहतो, पण जो पाहतो तोच क्षमा करतो व भार वाहतो. आपण त्याचे पाहणे घेऊ इच्छितो, त्याची दया मात्र घेत नाही. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानेही 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे.

मग दृष्टीस पडलेले नेहमीच झाकावे काय? नाही. मर्दखय राजद्वारी बसला असता राजाच्या वधाचा कट त्यास कळला, आणि तो गप्प बसला नाही (एस्तेर 2:21, 22). पण त्याने तो चव्हाट्यावर नेला नाही. एस्तेरेच्या द्वारे, जेथे उपाय होता तेथेच पोहोचविला. कोणाच्या जिवावर बेतत असेल तर मौन हा सद्गुण नव्हे. जबाबदार माणसास, आपले नाव देऊन, लागेल तेवढेच सांगावे. त्या निमित्ताने आणखी काही सापडते का म्हणून चाळीत बसू नये.

शब्बाथशाळेच्या शिक्षकबंधुभगिनींनो, हा धडा केवळ संगणकवाल्यांचा नाही. मुले विश्वासाने घरची दुःखे आपणांस सांगतात. प्रार्थनासभेत "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी असे असे झाले आहे" म्हणून आपण किती उघडी पत्रे फिरविली असतील? तो तरुण निदान मान खाली घालून आमच्याकडे आला. आपल्यापैकी किती जण तसे येऊ, हे प्रत्येकाने प्रभूसमोर आपणांस विचारावे.