फलाशा आणि मेंदूची जमाबंदी

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्य टिळकांनी लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'चा गाभा म्हणजे, सोडावयाचे ते कर्म नसून कर्मफलाविषयीची आसक्ती होय, हा सिद्धांत. त्यावर आक्षेप आले ते बहुधा संन्यासमार्गी वेदांत्यांचे. परंतु त्यांहून अवघड आक्षेप, माझ्या मते, अलीकडे प्रयोगशाळेतून आला असून, तो केवळ श्रद्धेच्या बळावर वारण्याजोगा नाही.

स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर विद्यापीठात वोल्फराम शुल्त्स यांनी माकडांच्या मध्यमेंदूतील, डोपामिन नावाचे रसायन स्रवणाऱ्या पेशींचे स्पंदन अतिसूक्ष्म तारेने टिपले. तेव्हा असे दिसून आले की, फळाच्या रसाचा थेंब अवचित मिळाला म्हणजे या पेशी उचंबळतात. रसापूर्वी नेमाने दिवा लागू लागला म्हणजे काही काळाने त्या दिव्यालाच उचंबळतात आणि प्रत्यक्ष रस आला तरी स्वस्थ राहतात. आणि दिवा लागूनही रस न आला, तर ज्या क्षणी तो यावयाचा त्याच क्षणी त्यांचे नित्याचे स्पंदनही मंदावते. पीटर डायन व रीड माँटेग्यू यांच्यासह १९९७ साली शुल्त्स यांनी याचा जो अर्थ लावला तो असा की, या पेशी सुखाची मोजदाद करीतच नाहीत. जमाबंदीच्या दफ्तरातील एखाद्या कारकुनाने वसूल किती आला हे न लिहिता अंदाजाहून फाजील किती किंवा कमी किती एवढाच आकडा वर कळवावा, तशी त्यांची रीत. आणि त्या तफावतीवरूनच पुढचा अंदाज दुरुस्त होतो, म्हणजे प्राणी शिकतो.

अर्थशास्त्राला हे अन्य वाटेने आधीच उमगले होते. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखविले की मनुष्य आपल्या एकूण संपत्तीकडे पाहून निर्णय घेत नाही, तर मनात धरलेल्या एका बिंदूपासून लाभ झाला की हानी एवढेच पाहतो. हानी त्याला तेवढ्याच लाभाहून कितीतरी जड वाटते. आणि निश्चित हानी पत्करण्याऐवजी ती भरून निघण्याच्या आशेने तो अधिक मोठा धोका पत्करतो. द्यूतसभेत एकेक पण हरत राज्य, बंधू, स्वतः आणि अखेर द्रौपदी यांना पणाला लावणारा युधिष्ठिर अधर्मी तर नव्हताच, त्याला धर्मराज म्हणत. पंडितांनी त्याच्या त्या कृत्यावर क्षत्रियधर्माचे पांघरूण घालण्याची जी खटपट केली आहे, तीपेक्षा मला हे स्पष्टीकरण अधिक सरळ वाटते.

तेव्हा आक्षेप असा: अपेक्षा आणि प्राप्ती यांतील अंतरावरच जर शिक्षण व निवड उभी असेल, तर फलाशा हा चित्ताला जडलेला विकार नव्हे, ती कर्मप्रेरणेचे यंत्रच ठरते, मग ती टाकून कर्म तेवढे ठेवा, हा उपदेश देहधाऱ्यास पाळता येणार कसा?

या प्रश्नाची एक बाजू मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी उजेडात आणली. उंदरांच्या मेंदूतील डोपामिनचा जवळजवळ उच्छेद केला असता ते समोरच्या अन्नाला तोंड लावीत नाहीत, नळीने भरविले नाही तर उपाशी मरतात. मात्र साखरेचे पाणी जिभेवर सोडले तर गोडीची सर्व लक्षणे पूर्ववत दाखवितात. म्हणजे रुची शाबूत असता ओढ तेवढी नाहीशी होऊ शकते. निवृत्तिपर भाष्यकारांनी वासनाक्षयाची जी थोरवी गाइली आहे, तिच्याशेजारी हा अन्नापुढे बसून मरणारा प्राणी ठेवून पाहावा. ओढीचा समूळ नाश हाच मोक्ष असता तर तो त्याला केव्हाच लाभला असता. कर्म सोडण्याचाही हव्यास धरू नये असे गीतेने बजावले, त्याचे मर्म येथे मला कळते.

परंतु टिळकांची बाजू एवढ्याने सिद्ध होत नाही, कारण ओढ ठेवून आसक्ती सोडणे शक्य आहे काय, हा मुद्दा उरतोच. मला वाटते, तो काळाच्या मापाने सुटण्यासारखा आहे. रस न आल्याने माकडाच्या पेशीचे जे मंदावणे होते ते सेकंदाच्या अंशाचे; वारसाहक्काच्या दाव्यात हरलेला मनुष्य वीस वर्षे झुरतो, ते त्या पेशीचे काम नव्हे. अंदाज चुकल्याचा क्षणिक आघात स्थितप्रज्ञालाही बसत असावा. त्या आघाताभोवती आपल्या हक्काची जी कैफियत आपण रचीत बसतो, तिच्यापुरताच फलत्यागाचा उपदेश आहे, असे मी मानतो.

माझे हे उत्तर एका ठिकाणी मात्र अपुरे पडते. कंपवाताच्या रुग्णांना डोपामिनसारखे कार्य करणारी काही औषधे देतात. त्यांपैकी काहींना, जन्मात कधी पत्त्यांना हात न लावलेल्यांनाही, जुगाराचे अनावर व्यसन जडते आणि औषध कमी वा बंद केल्यावर ते बहुधा ओसरते. येथे आघात कोणता आणि कैफियत कोणती, हे निवडता येत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली असून कर्ता हे त्यांतले केवळ एक आहे. अशा रुग्णाने घरदार गहाण टाकले असता जाब त्या एकालाच विचारणे मला न्यायाचे वाटत नाही. गहाणखत मात्र त्याच्याच सहीचे असते, आणि सावकार तेवढेच वाचतो.