सारथ्याची रिकामी जागा

रथ म्हटला की सारथी आला, बैलगाडी म्हटली की गाडीवान आला आणि मोटार म्हटली की ड्रायव्हर आला. हा समज इतका जुना आहे की कठोपनिषदाने शरीराला रथ म्हटले तेव्हा बुद्धीला सारथी नेमल्यावाचून त्या ऋषीलाही पुढे जाता आले नाही. पण आता सारथ्यावाचून धावणाऱ्या मोटारी अमेरिकेच्या रस्त्यांवर आल्या आहेत. फिनिक्स किंवा सॅन फ्रान्सिस्को शहरात उतारू मागच्या आसनावर बसतो, पुढचे चाक आपोआप फिरत राहते, आणि त्या चाकामागे कोणीही नसते. मी एक शाळामास्तर; यंत्रविद्येतले मला फारसे कळत नाही. त्या मोटारीला डोळे कसे फुटले हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे, चिंतेचा नाही. माझी चिंता त्या रिकाम्या जागेविषयी आहे. त्या जागेबद्दल राज्यकर्त्यांनी काय ठरवले आहे?

अमेरिकेत मोटारी कशा बांधाव्यात हे मध्यवर्ती सरकार पाहते. पण रस्त्यावर कोणी यावे, परवाना कोणाला द्यावा, दंड कोणाला करावा, हे ज्या त्या राज्याच्या हाती असते. विनाचालक मोटारींसाठी पहिला कायदा २०११ साली नेव्हाडा राज्याने केला. पुढच्याच वर्षी तिथे गुगलच्या मोटारीला चाचणीचा परवाना मिळाला आणि तिच्या तांबड्या पाटीवर अनंताचे चिन्ह रंगवण्यात आले. सरकारी कचेरीलाही कधीकधी काव्य सुचते ते असे.

मग इतर राज्येही तयारीला लागली. मिशिगनमध्ये विद्यापीठाने २०१५ साली ३२ एकरांवर एक लुटुपुटीचे शहर उभारले. तिथे चौक आहेत, दिवे आहेत, घरांचे दर्शनी भाग आहेत. फक्त नागरिक नाहीत. यंत्राच्या डोळ्यांना दिसावेत म्हणून कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये रस्त्यांवरचे पट्टे चार इंचांऐवजी सहा इंच रुंद काढायचे ठरवले. मोटारींनी एकमेकींशी आणि रस्त्याशी बोलावे म्हणून काही राज्यांनी खांबांवर बिनतारी यंत्रे बसवली.

ही तयारी खोटी नव्हे. पण ती डांबराची, रंगाची आणि तारांची आहे. तिचे आयुष्य किती? मोटारींच्या या संभाषणासाठी मध्यवर्ती आयोगाने १९९९ साली ७५ मेगाहर्ट्झचा लहरपट्टा राखून ठेवला होता. २०२० मध्ये त्यातला ४५ मेगाहर्ट्झचा वाटा काढून घरगुती वायफायला दिला आणि उरलेल्या तीसवर बोलण्याची पद्धतच बदलायला सांगितली. राज्यांनी उभारलेली यंत्रे एका निर्णयासरशी जुनी झाली. यंत्र जुने होते. पण अपघात झाल्यावर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न काही जुना होत नाही.

तो किती पुरातन आहे हे पाहायचे असेल तर मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडावा. त्या ग्रंथातल्या अनेक गोष्टी आज कोणत्याही विवेकी माणसाला मान्य होणार नाहीत. पण गाडीखाली कोणी सापडले तर काय करावे, याचा विचार तिथे चांगला बारकाईने केलेला आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, अथवा हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितले, तर दंड नाही. हाकणारा अडाणी असल्यामुळे गाडी भरकटली तर दंड मालकाला. हाकणारा जाणता असेल तर दंड त्याचा त्याला. या विवेचनात एक गोष्ट गृहीत आहे: गाडी हलते तेव्हा तिच्यामागे कोणाचा तरी निर्णय असतो, आणि निर्णय घेणारा पुढे येऊन उभा राहू शकतो.

नेमके हेच गृहीत ॲरिझोनात कोसळले. २०१६ च्या डिसेंबरात उबर कंपनीने परवाना न घेता सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या मोटारी चालवल्या. तो परवाना अवघ्या दीडशे डॉलरांचा होता. परंतु तो घेतला की हिशेब द्यावा लागतो. कॅलिफोर्नियाने मोटारींची नोंदणी रद्द केली, तेव्हा कंपनीने त्या ट्रकवर लादून शेजारच्या ॲरिझोनात नेल्या. तिथल्या गव्हर्नरांनी २०१५ सालीच या मोटारींना दार उघडून दिले होते. त्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले.

१८ मार्च २०१८ च्या रात्री टेम्पी शहरात एक ४९ वर्षांची बाई सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडत होती. अशाच एका मोटारीने तिला उडवले आणि ती मरण पावली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय चौकशी मंडळाने जे सांगितले ते मी पुनःपुन्हा वाचले आहे. यंत्राला ती बाई ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण ठरलेल्या पट्ट्यांबाहेर माणूस रस्ता ओलांडतो, ही कल्पनाच त्या रचनेत नव्हती. त्यामुळे ती कधी वाहन ठरली, कधी सायकल ठरली, कधी नुसती एक वस्तू. पायी चालणारी व्यक्ती मात्र एकदाही ठरली नाही.

चाकामागे त्या रात्री एक पगारी देखरेखकर्ती बसलेली होती, आणि ती मोबाईलवर कार्यक्रम पाहत होती. तिचा दोष उघड आहे. मंडळाने कंपनीच्या ढिसाळ व्यवस्थेवर आणि राज्याच्या अपुऱ्या देखरेखीवरही बोट ठेवले. पण कंपनीवर फौजदारी दायित्व येत नाही, असा निर्वाळा सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये दिला. खटला उभा राहिला तो एकट्या देखरेखकर्तीवर. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा झाली.

शाळेत मास्तर वर्गाबाहेर जाताना एका पोराला मॉनिटर नेमतात. दंगा झाला की पहिली छडी त्याला. त्याच्या हाती अधिकार नसतो. छडीसाठी हात मात्र असतो. टेम्पीच्या मोटारीत त्या बाईला याच कामासाठी बसवले होते की काय, अशी शंका मला येते. जे यंत्र आपणहून चालते त्याच्याकडे तासन् तास टक लावून बसणे माणसाच्या स्वभावाला साधत नाही, हे ज्यांनी ते काम निर्माण केले त्यांना ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

यावर एक सबळ आक्षेप आहे. माणूस कोणता मोठा सारथी लागून गेला? अमेरिकेत २०२२ साली रस्त्यावर ४२ हजारांहून अधिक लोक मेले, भारतात १ लाख ६८ हजारांहून अधिक. यंत्र दारू पीत नाही, डुलकी घेत नाही, रागाने गाडी अंगावर घालत नाही. त्याच्यामुळे मरणे कमी होणार असतील, तर ‘दोषी कोण’ हा काथ्याकूट कशाला? मरणे कमी होत असतील तर मी यंत्राच्या बाजूचा आहे. पण ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला सरासरीने उत्तर देता येत नाही. त्याला भरपाई मिळेल. तेवढ्याने त्याच्या ‘का?’ चे उत्तर मिळत नाही. ते देणारा कोणीतरी असणे, यालाच आपण कायद्याचे राज्य म्हणतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो गावी पोलीस दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांची तपासणी करीत होते. त्यांच्यासमोरच एका रिकाम्या मोटारीने मनाई असलेल्या जागी वळसा घेतला. त्यांनी ती अडवली; पण पावती फाडावी कोणाच्या नावाने? पावतीपुस्तकात यंत्रासाठी रकानाच नव्हता. कंपनीला कळवून मोटार सोडून द्यावी लागली. अशा प्रसंगी कंपनीच्याच नावे नोटीस काढता यावी, असा कायदा त्या राज्याने २०२४ सालीच केला होता. परंतु त्याचा अंमल जुलै २०२६ पासून ठरला होता. नोटीस म्हणजे दंड नव्हे. तरीही त्या कागदावर एक नाव येते, आणि मला ते सहा इंची पट्ट्यांपेक्षा मोलाचे वाटते.

आपल्याकडे नागपूरच्या नितीन गडकरी यांनी केंद्रीय मंत्री या नात्याने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितले की ड्रायव्हरांची भाकरी हिरावणाऱ्या या मोटारी आपण येऊ देणार नाही. भाकरीचा विचार योग्यच आहे. पण येऊ न देणे ही तयारी नव्हे. ती फार तर मिळालेली सवड आहे. आपल्या रस्त्यांवर तर पट्ट्यांबाहेरून ओलांडणारा माणूस हा अपवाद नसून नियम आहे. म्हातारी, शाळकरी पोरे, डोक्यावर भारा घेतलेली बाई, असे सगळेच इथे वाट मिळेल तिथून जातात.

तेव्हा ज्या कोणा राज्याला आपली तयारी झाली असे म्हणायचे असेल, त्याने खांब आणि पट्टे मोजून दाखवू नयेत. या म्हातारीला यंत्राने माणूस म्हणून ओळखले नाही, तर न्यायासनासमोर कोण उभा राहील, त्याचे नाव आधी लिहून दाखवावे. मग मोटार खुशाल रस्त्यावर आणावी.