काढलेला दगड ठेवायचा कुठे?

माळावरचे दगड काढावेत, यात एवढा विचार करण्यासारखे काय आहे, असे वाचक म्हणतील. दगड तो दगड. तो गुरांच्या खुरांत रुततो, गवत कापताना विळ्याची धार घालवितो, त्याच्याखाली विंचू बसतो. उचलावा आणि फेकावा, झाले! आम्हीही गेल्या वर्षापर्यंत असेच समजत होतो. परंतु एका पावसाने या साध्या कामातला प्रश्न आमच्या अंगणात आणून ठेवला. तो सज्जनांपुढे मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

माणदेशात आमचा चार एकरांचा वडिलोपार्जित माळ आहे. तेथे पीक म्हणून काही होत नाही. पाऊस बरा झाला तर कुसळी आणि कुठे कुठे मारवेल येते, त्यावर घरची दोन गुरे आणि एक खिल्लार जोडी निभते. जमीन उताराची, माती वीतभर, तिच्याखाली मुरूम, आणि वर जिकडे पाहावे तिकडे काळा दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर तापलेल्या रसाचे थरांवर थर पसरले, त्याचाच हा खडक. तो झिजतो, सुटतो आणि आपल्या पायांत येतो.

पूर्वी हे दगड वेचायचे काम कोणाचे होते? घरातल्या बायकांचे. आमच्या मातोश्री आणि दोघी चुलत्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाट्या घेऊन माळावर जात. पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, बांधावर रिकामी करायची. नखे फुटत, कंबर धरे, विंचवाची धास्ती वेगळीच. एवढे करून उन्हाळ्याअखेर चार गुंठे मोकळे दिसले तरी पुष्कळ. आणि पुढच्या वर्षी पाहावे तर पुन्हा दगड! "दगड उगवतात बाई इथं," असे मातोश्री म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याने लहान ट्रॅक्टर आणला, द्राक्षाच्या बागेत दोन ओळींमधून चालतो तेवढा. त्याच्या मागे पोलादी दाताळे जोडले. आपल्या हातातल्या दाताळ्याचाच हा थोरला भाऊ. पुरुषभर लांब आडवी पट्टी आणि तिला विळ्यासारखे वाकलेले, लवचिक दात. दातांच्या फटीतून माती आणि बारीक खडी निसटते, मुठीएवढा व त्याहून मोठा दगड अडकून पुढे ओढला जातो. पट्टी तिरकी लावली की दगड गोळा होत होत एका कडेला घरंगळतात आणि त्यांची सरळ ओळ लागते. जमिनीत रुतलेल्या धोंड्यापुढे मात्र त्याचे चालत नाही. तेथे पहारच हवी.

पुतण्याने दोन दिवसांत अडीच एकर माळ साफ केला. आम्ही बांधावर उभे राहून पाहत होतो. खरे सांगायचे तर डोळे भरून आले. हे आईच्या वेळी असते तर, असे वाटले. जमलेला दगड त्याने ट्रॅक्टरनेच उताराकडे लोटला आणि खालच्या ओघळीत ढकलून दिला. माळ स्वच्छ झाला. आम्ही त्याला शाबासकी दिली.

मृगात दोन मोठे पाऊस झाले. दुसऱ्या पावसाच्या सकाळी खालचे शेजारी दारात आले. त्यांच्या हातात नारळाएवढा एक दगड होता. तो त्यांनी अंगणात ठेवला आणि म्हणाले, "तात्या, तुमचा माल पोचला बरं का. पोच द्यायला आलोय."

जाऊन पाहतो तो ओघळ दगडांनी तुंबलेली, पाणी आडवे फुटून त्यांच्या बाजरीत शिरलेले, आणि नुकत्याच उगवलेल्या पिकावर दगडांचा सडा. माणूस भांडला असता तर आम्हीही चार शब्द बोललो असतो. तो भांडला नाही, त्यामुळे आमच्याजवळ बोलायला काही राहिले नाही.

परतताना आमचा माळ पाहिला. दाताळ्याचे दात जेथे खोल गेले होते तेथे गवताचे ठोंब मुळासकट उपटले होते आणि माती धुऊन मुरूम उघडा पडला होता. एका बाभळीभोवती ट्रॅक्टर वळेना म्हणून पुतण्याने थोडा तुकडा तसाच सोडला होता. तेथे दगडांच्या आडोशाने हिरवे पाते वर आले होते. दगडाखाली ओल टिकते, दगडामागे माती अडते. आणि मातोश्रींचे ते "दगड उगवतात" आम्हांस तेव्हा उमगले. आमच्या उतारावर दगड वर येत नाही, माती खाली जाते. म्हणून दगड उघडा पडतो. थंड देशांत जमिनीतले पाणी गोठून दगड खरोखर वर उचलला जातो. अमेरिकेच्या ईशान्य भागातील शेतकऱ्यांनी दर वसंतात वर आलेले असे दगड वेचून शेताच्या कडेने भिंती रचल्या. त्यांतल्या कित्येक भिंती आज रानात उभ्या आहेत. आपल्याकडे मात्र दगड हटवून माती सैल ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षीचे दगड पेरणे होय.

येथे कोणी म्हणेल, यंत्राचाच हा दोष. हाताने वेचत होते तेव्हा असे झाले नाही. हे आम्हांस मान्य नाही. हाताने वेचायचे म्हणजे कोणाच्या हाताने? दुसऱ्याच्या फुटलेल्या नखांवर आपण साधेपणाचे गुणगान करावे, हा कसला विवेक? बायकांच्या डोक्यावरची पाटी उतरली, ही चांगलीच गोष्ट झाली. तथापि एक फरक मानला पाहिजे. हात दगड एकेक करून उचलतो. हा सुटा आहे, हा रुतलेला आहे, याला राहू द्यावे, हे प्रत्येक वेळी ठरवितो, आणि पाटी जड म्हणून दगड जवळच्या बांधावरच पडतो. दाताळे फक्त दातांची फट जाणते. जो विचार पूर्वी कामाच्या ओघात हातून होत असे, तो आता काम सुरू करण्याआधी डोक्याने करावा लागतो. तो आम्ही केला नाही. दोष दाताळ्याचा नव्हे, आमचा.

मग प्रश्न असा की, काढलेला दगड कोणाचा? माळावर होता तोवर 'आमच्या जमिनीतला दगड' होता. ओघळीत गेला त्या क्षणी तो आमचा राहिला नाही, असे आम्ही मनाशी धरून चाललो. जमीन आमची, गवत आमचे. दगड मात्र कोणाचाच नाही! मालकीचा हा सोयीस्कर हिशेब शेतापुरता आहे असेही नाही. घर झाडून कचरा गल्लीत लोटणारा हेच करतो. आपल्या चुका नीट वेचून काढून भावाच्या, सुनेच्या, शेजाऱ्याच्या पदरात घालणारा दुसरे काय करतो? त्याला वाटते, आपण स्वच्छ झालो. खालच्या शेतातल्या माणसाला विचारावे, काय झाले ते.

आणि दगड टाकाऊ तरी कुठे असतो? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे सरकारी कामांवर होती. रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडणाऱ्यांच्या चुली याच दगडावर पेटल्या. जागा बदलली की दगडाची किंमत बदलते. म्हणून जागा ठरविणे हेच खरे काम. काढणे हे त्याच्या आधीचे.

पावसाने उघडीप दिल्यावर शेजारी, पुतण्या आणि आम्ही असे तिघे कामाला लागलो. प्रथम त्यांची बाजरी मोकळी केली, मग ओघळ. नंतर पाण्याची नळी धरून माळावर समपातळीच्या खुणा केल्या, वीतभर पाया खोदला, मोठे धोंडे खाली बसवून फटींत लहान दगड भरले आणि दोन ताली घातल्या. ताल पाणी कोंडत नाही. फटींतून जाऊ देते, पण त्याची धाव मोडते, आणि माती मागे राहते. यंदा उरलेला दीड एकर करताना पुतण्याने दाताळ्यामागे दोन लहान चाके लावून घेतली, म्हणजे दात ठरल्यापेक्षा खोल जात नाहीत. उतार सौम्य आहे तेथे तो आडवा चालला, तेव्हा दगडांची ओळ आपोआप तालीच्या जागी लागली. रुतलेले दगड राहू दिले, सुटे तेवढे घेतले. बाभळीभोवतीचा तुकडा आता मुद्दाम सोडला आहे.

ताल रचायला आठ दिवस गेले. पुतण्या प्रथम कुरकुरला, "यंत्रानं वाचवलेला वेळ सगळा यातच गेला की, तात्या." आम्ही म्हटले, सगळा नाही गेला. आजीचे सारे उन्हाळे यात जात, तुझे आठ दिवस गेले. वाचलेल्या वेळात खालच्या शेताचाही वाटा असतो, तो दिला म्हणायचे.

तो दगड शेजाऱ्यांनी परत नेला नाही, आम्हीही हलविला नाही. तो अंगणातच आहे. हल्ली पुतण्या ट्रॅक्टर बाहेर काढण्याआधी विचारतो, "तात्या, दगड टाकायचा कुठं?" आमच्या वाचकांपैकी अनेकांचे माळ आहेत, आणि ज्यांचे नाहीत त्यांनाही काढून टाकण्यासारखे काही ना काही असतेच. त्यांनी काम सुरू करण्यापूर्वी एवढेच विचारावे, ही विनंती.