हातातले हत्यार केव्हा टाकावे?

कुवेतकरांना अम्गरा म्हणजे काय ते सांगायला नको. जहराजवळची ती भंगाराची यार्डे, लाकडाच्या वखारी, गोदामे... तिथल्या एका वखारीत मी बरीच वर्षे हिशेब सांभाळला. एका उन्हाळ्यात भर दुपारी फळ्यांच्या थप्पीने पेट घेतला. आमच्याकडचा एक तरुण मुलगा आग विझवायचा सिलिंडर घेऊन आत धावला. मी बाहेरून ओरडलो, "शाबास! आधी फोर्कलिफ्ट काढ!" तेवढ्यात आमच्या वयस्कर फोरमनने त्याला कॉलर धरून बाहेर खेचले. सिलिंडर आतच राहिला. थोड्याच वेळात त्या जागी पत्र्याचे छप्पर कोसळले!

बंब आले, आग विझली, कोणाला इजा झाली नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी ती शाबासकी कोणाच्या जिवावर होती?

तेव्हापासून आगीबद्दल मिळेल ते वाचत गेलो. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतील मोंटाना राज्यात मॅन गल्च या दरीत वणवा विझवायला गेलेले १३ जण होरपळून गेले. वाळलेल्या गवतातून आग चढावर त्यांच्या मागे धावत आली. वॅग डॉज या त्यांच्या प्रमुखाने जड हत्यारे टाकून द्यायला सांगितले. मग त्याने समोरचे गवत स्वतःच पेटवले आणि जळून गेलेल्या जागेत तो पालथा पडला. मोठी आग त्याला वळसा घालून गेली. तो वाचला, पण त्याच्या मागे त्या राखेत कोणी आले नाही. पुढे १९५७ मध्ये तेथील वनखात्यासाठी दहा नियम ठरले. टेहळणीला माणूस ठेवा, सुटकेची वाट आधी ठरवून सर्वांना सांगा, असे ते साधे नियम. तरीही १९९४ मध्ये कोलोरॅडोतील वणव्यात १४ जण गेले, आणि त्यांतल्या काहींनी पळतानाही हत्यारे सोडली नव्हती.

आपल्याकडेही हेच दुःख आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा मृत्यू झाला. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक जवान गेले. जहाजात कापसाबरोबर सुमारे १४०० टन स्फोटके होती. जवान शेवटपर्यंत पाणी मारत राहिले. त्यांच्या स्मरणार्थ भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

मंडळी, हत्यार का सुटत नाही? आपण खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणारी माणसे. कारागिराचे हत्यार म्हणजे त्याची अब्रू. ते टाकले की आपण कामगार राहिलो नाही, पळपुटे झालो, असे वाटते. शिवाय परदेशात नोकरीची भीती पाठीशी असतेच.

कोणी म्हणेल, अर्जुनाने धनुष्य टाकले तेव्हा श्रीकृष्णाने त्याला लढायलाच लावले ना? खरे आहे. पण अर्जुनाने मोहाने धनुष्य टाकले, समोरचे कर्तव्य दिसेनासे झाले म्हणून. आगीतला माणूस फावडे टाकतो तो समोरचे स्पष्ट दिसते म्हणून. आणि तोच श्रीकृष्ण जरासंधाच्या वेळी प्रजेला घेऊन मथुरा सोडून द्वारकेला गेला! 'रणछोड' हे नाव आपण शिवी म्हणून नव्हे, भक्तीने घेतो.

मात्र एक गोष्ट मला उशिरा कळली. हत्यार टाकण्याची परवानगी हातात हत्यार असलेल्याने मागायची नसते. ती वरच्याने आधीच द्यायची असते. जोखीम खालच्याची आणि शाबासकी वरच्याची, हा व्यवहार धर्माला धरून नाही. फळ्या पुन्हा येतात, फोर्कलिफ्टही येते. ज्याच्या घरी आई फोनची वाट पाहते, तो मुलगा पुन्हा येत नाही.

यंदा खंडेनवमीला हत्यारांना हळद-कुंकू वाहताना मी मनात एक वाक्य म्हणणार आहे. तुम्हीही आपल्या हाताखालच्या माणसाला ते एकदा मोठ्याने सांगून पाहा : "बाबा रे, वेळ आली तर हे टाकून दे, आणि घरी ये."