सेवा करणाऱ्याचा शीण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीगुरुचरित्राचे पारायण करणाऱ्यांना दुसऱ्या अध्यायातला दीपक ठाऊकच आहे. वेदधर्म गुरू प्राक्तन भोगायला काशीला गेले. अंगावर कुष्ठ, डोळ्यांना अंधत्व. दीपकाने 21 वर्षे जखमा धुतल्या, भिक्षा आणली, वर गुरूंचे कठोर बोलणेही सोसले. गुरुभक्तीचा आदर्श म्हणून आपण ही कथा ऐकतो. पण मरणपंथाला लागलेल्या माणसाची रात्रंदिवस सेवा करणारी सून किंवा दवाखान्यातली सिस्टर थकली, तर तिची भक्ती कमी पडली असे म्हणायचे का?

मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झाले. कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेल्यांच्या वेदना हलक्या करणारे हे देशातले पहिले हॉस्पिस. तिथल्या सेवकांना मरण नेहमीचेच. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, खेड्यापाड्यांत असा रोगी बहुधा घरच्याच बाजेवर असतो आणि करणारे हात दोनच. काही महिन्यांनी तीच बाई म्हणते, “आता काही वाटूनच नाही राह्यलं. रडू बी येत नाही.” लोक म्हणतात, हिचं मन दगड झालं. पण ते दगड झालेले नसते, आटलेले असते. यालाच बर्नआउट म्हणतात. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये हा शब्द लिहिला तो मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या सेवाभावी माणसांसाठीच. म्हणजे ज्यांचा जीव ओततो, तेच आधी रिकामे होतात.

यावर अवधूतांच्या चोवीस गुरूंपैकी दोघांकडे पाहावे. कपोताची पिले जाळ्यात सापडली, मागोमाग कपोती गेली, आणि शोकाने भान हरपून तोही जाळ्यात शिरला. त्याने सुटले कोणीच नाही. दुसरा गुरू वायू. तो सुगंधातून जातो, दुर्गंधातूनही जातो. कुठे जायचे टाळत नाही आणि कशालाच चिकटत नाही. अलिप्तपणा म्हणजे दूर राहणे नव्हे, हे वायूने शिकवले.

ध्यान असते ते याच्यासाठी. जर्मनीतल्या संशोधक तानिया सिंगर आणि बौद्ध भिक्षू मॅथ्यू रिकार्ड यांच्या अभ्यासातही असेच दिसले, की दुसऱ्याची वेदना नुसती स्वतःत ओढून घेतली तर माणूस खचतो, आणि करुणेचे ध्यान केले तर मनाला उभारी येते.

त्याला वेगळी खोली लागत नाही. रोग्याजवळ जाण्याआधी उंबऱ्यात थांबावे, तीन श्वास सावकाश घ्यावेत, श्वासागणिक नाम घ्यावे. बाहेर आल्यावर हात धुताना पुन्हा तसेच. संध्याकाळी दिवा लावल्यावर दहा मिनिटे डोळे मिटून बसावे आणि म्हणावे, ‘देवा, करणं माझं, बरं-वाईट तुझं.’ मन भटकले तर भटकू द्यावे, पुन्हा नामावर आणावे.

मात्र एक गोष्ट आपण घरातल्या वडीलधाऱ्यांनी मनाशी नीट धरावी. ध्यान झोपेची जागा घेत नाही आणि दुसऱ्या माणसाचीही घेत नाही. सहा महिने सलग जागणाऱ्या सुनेला “ध्यान करत जा, बरं वाटेल” असे सांगून आपण देवळात निघून आलो, तर तो उपदेश नव्हे, अंग काढून घेणे झाले. दीपकाने ती सेवा स्वतः पत्करली होती. दुसऱ्याला दीपक व्हायला लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपल्या शेगावात श्री गजानन महाराजांच्या मंदिरातले सेवेकरी पाळीपाळीने सेवा करतात. म्हणून तिथली सेवा अखंड चालते आणि सेवेकऱ्याचा चेहराही प्रसन्न राहतो. ही पाळी घरातल्या बाजेजवळ का नको? शेजारी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर आठवड्यातून दोन तास जाऊन बसावे. पाणी पाजावे, कूस बदलून द्यावी. तेवढ्या वेळात त्या माउलीला निजता येईल, नाहीतर डोळे मिटून निवांत नाम घेता येईल.

या दत्तजयंतीला पारायणाचा संकल्प सोडताना असली एक पाळीही संकल्पात धरू या.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!