धुराआडचा अग्नी



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ४१.

एरवी आपण एखाद-दुसराच श्लोक घेतो. आज सहा घेतलेत, कारण या आठवड्यात या सहा श्लोकांनी माझी चांगलीच जिरवली.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. ठराव असा, की जिना, लिफ्टसमोरची जागा आणि गच्चीत सिगारेट ओढायची नाही, ओढली तर दंड. तिसऱ्या मजल्यावर दम्याचा त्रास असलेली आठ वर्षांची मुलगी आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका रोज रात्री जेवण झालं की जिन्यात उभे राहून सिगारेट ओढतात, कारण घरात नातू आहे. आपल्या नातवासाठी ते बाहेर येतात आणि धूर वरच्या मुलीकडे जातो. काकांच्या मनात वाईट काहीच नाही, पण छातीला मनातलं कळत नाही ना.

चर्चा तापली. भाड्यानं राहणारा एक मुलगा म्हणाला, "माझं शरीर, माझे पैसे. उद्या वडापाववरही बंदी आणाल!" दुसऱ्यानं तर माझ्याकडे बघूनच टाकलं, "साईबाबा चिलीम ओढायचे, मग?" हा मुद्दा मी कॉलेजपासून ऐकतोय. खरंय, बाबांची चिलीम प्रसिद्ध आहे. पण बाबा रोज पाच घरी भिक्षा मागून जेवायचे, तेही तितकंच प्रसिद्ध आहे. पाच घरी जायला तयार असलेला चिलीमवाला मला अजून भेटलेला नाही.

मग मी उभा राहिलो आणि, खरं सांगतो, मस्त बोललो. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा प्रश्न मुरली देवरा यांच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयात गेला, २००१ साली न्यायालयानं जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा आधार घेऊन बंदीचे आदेश दिले, २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर नियम लागू झाले, दोनशे रुपयांपर्यंत दंडासकट. हे सगळं सांगितलं. वर सतराव्या अध्यायाचाही दाखला दिला, की भगवंतांनी शरीरानं करायच्या तपात अहिंसा मोजली आहे, आणि दुसऱ्याच्या फुप्फुसात धूर सोडणं ही हिंसाच आहे. वडापावचं तेल जिना चढून कुणाच्या छातीत शिरत नाही, असंही म्हटलं. लोक हसले. ठराव मंजूर. काका गप्प बसून होते.

माझं मत आजही तेच आहे. पण त्या मुलाच्या बोलण्यातलं एक मला खोडता येत नाही. दुसरं कुणी श्वास घेत नसेल तिथे मला कुणावर नियम लादायचा नाही. अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, की नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. साक्षात देव माणसाला मोकळं सोडतो, तर आपली सोसायटी कोण लागून गेली? बंदी हवी ती त्या मुलीसाठी. काकांना सद्गुणी बनवायला नको.

दोन दिवसांनी रात्री पाऊस होता. मी ऑफिसातून येत होतो. गेटबाहेर काका एका हातात छत्री आणि एका हातात सिगारेट धरून उभे. बहात्तर वर्षांचा माणूस. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी नजर चुकवून जाणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"काय रे, तुझ्या गीतेत माझ्यासारख्यांचं काही लिहिलंय का? मला ओढायची नसते. तरी ओढतो. अकरा वेळा सोडलीय मी. ह्यावर आहे का श्लोक?"

मला उत्तर सुचलं नाही. "बघतो काका," म्हणून लिफ्टमध्ये शिरलो. घरी जाऊन पुस्तक उघडलं, तर हा प्रश्न तिथे आधीच विचारलेला होता. विचारणारा अर्जुन. माणसाची इच्छा नसतानाही, कुणी बळजबरीनं जुंपल्यासारखा तो पाप का करतो? छत्तिसावा श्लोक. कितीदा वाचलाय मी तो! पण छत्री धरून उभं राहून तो विचारणाऱ्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

आता भगवंतांचं उत्तर बघा. ते अर्जुनावर चिडत नाहीत, "मन खंबीर कर" असंही सुनावत नाहीत. रजोगुणातून उठलेला काम, तोच पुढे क्रोध होतो, त्याला वैरी समज, म्हणतात. वैरी काम आहे. माणूस नव्हे. रविवारी मी नेमकी इथेच चूक केली होती.

पुढे तीन दाखले येतात: धुरानं झाकलेला अग्नी, धुळीनं झाकलेला आरसा, वारेनं वेढलेला गर्भ. काही टीकाकार यात झाकण्याच्या तीन पायऱ्या पाहतात. मला पहिलाच पुरला. धूर कितीही असो, खाली अग्नी असतोच. तो विझलेला नसतो, दिसत नसतो.

आणि चाळिसावा श्लोक. कामाची ठाणी तीन: इंद्रियं, मन आणि बुद्धी. हे मी स्वतः भोगलंय. हॉस्टेलपासून सहा वर्षं ओढत होतो. निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं, ते इंद्रियांचं ठाणं. चहाचा ग्लास हातात आला की टपरीवर हात खिशाकडे जायचा, ते मनाचं. पण सगळ्यात चिवट तिसरं. "माझं स्वातंत्र्य" हे भाषण मीही ठोकायचो, आणि सोडवत नाही म्हणून आतून घाबरलेलो असायचो तेव्हा तर जास्तच. बुद्धी माझी होती, पण वकीलपत्र तिनं सवयीचं घेतलं होतं.

म्हणून एकेचाळिसाव्यात भगवंत सांगतात, आधी इंद्रियांपासून सुरुवात कर. बंदीचं काम एवढंच आहे, पहिल्या पायरीचं. काडी आणि हात यांच्यात दोन जिने आणि एक गेट घालायचं. कायदा त्यापुढे जात नाही. घरात तर तो शिरतच नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असं सांगितलं होतं. तिथे दंडाची पावती कोण फाडणार? (ज्यांच्या जयंतीला ते नियम लागू झाले, त्या गांधीजींनीही लहानपणी काकांनी टाकलेली थोटकं ओढली होती, आत्मकथेत त्यांनीच लिहिलंय. आपण कोणाला नाकं मुरडतोय?)

काल मी काकांकडे गेलो. श्लोक वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे अर्जुनालासुद्धा सोडवत नव्हतं काहीतरी." मी म्हटलं, "काका, पाकिटावर एक फोन नंबर असतो, १८००-११-२३५६. सोडायला मदत करतात, फुकट."

"पाकिटावर? मी बघितला नाही कधी." मग जरा ओशाळून हसले. "आणलं की सिगारेटी चष्म्याच्या जुन्या डबीत काढून ठेवतो आणि पाकीट फेकून देतो. ते चित्र बघवत नाही रे."

मी नंबर त्यांच्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. रविवारी सकाळी फोन लावायचा ठरलंय. मी शेजारी बसणार आहे. बारावी खेप आहे त्यांची. होईलच असं मी म्हणत नाही, माझी स्वतःची पाचव्या खेपेला सुटली.

निघताना तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी धडाधड जिना उतरत खाली येत होती. काका दारातच होते. तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही आता पावसात का उभे राहता?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही.

उद्या श्लोक ४२ आणि ४३.

राम कृष्ण हरी.