सेंधव्याच्या वाटेवरचा कापूस

शिरपूरहून आग्रा रोडने निघालं की हाडाखेड, पळासनेर, मग बिजासनचा घाट. घाटापलीकडे मध्य प्रदेशातलं सेंधवा. रावेरहून त्याच राज्यातलं बऱ्हाणपूर तर याहून जवळ. दोन्ही गावं कापसाच्या व्यापाराची, जिनिंगची. तरीही महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती तोवर शिरपूरच्या किंवा रावेरच्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात वेचलेला कापूस परवानगीवाचून तिकडे नेला, तर तो गुन्हा ठरत असे. माल रात्री निघे, नाके चुकवत जाई. वर्षभर राबून पिकवलेलं पीक चोरासारखं न्यावं लागणं हा मला त्या योजनेचा सर्वात मोठा दोष वाटतो. तोट्याचा हिशेब त्यानंतर येतो.

1971 साली कायदा झाला आणि 1972 पासून योजना सुरू झाली. राज्यातला सगळा कापूस सरकारच्या वतीने पणन महासंघच घेणार, असं ठरलं. त्यामागचा हेतू मी खोटा मानत नाही. रुमालाखालचे सौदे, मनमानी कटती, मापातली लबाडी, हे सगळं शेतकऱ्यांनी भोगलं होतं. पण लबाड व्यापाऱ्याला वठणीवर आणायचं तर वजनकाटे तपासायचे, सौदा उघड लिलावात लावायचा, चुकारा बुडवणाऱ्याला कोर्टात खेचायचं. ही सरकारची खरी कामं, आणि ती केली असती तर पुष्कळ होतं. त्याऐवजी शेतकऱ्याची दुसरी सगळी दारं बंद करून एकच गिऱ्हाईक ठेवलं गेलं. ग्रेडरने प्रत खालची लावली तर माल उचलून न्यायला दुसरी जागा नाही. चुकारा थकला तर वाट पाहायची.

योजना तोट्यात गेली ती केवळ भ्रष्टाचारामुळे, असं अजूनही ऐकू येतं. तसं असतं तर प्रामाणिक अधिकारी नेमून ती सावरली असती. दोष तिच्या रचनेतच होता. बाजार तेजीत असला की हमी भाव मागे पडे आणि कापूस सीमा ओलांडून बाहेर जाई. मंदी आली की शेजारच्या राज्यांतला कापूस इथल्या केंद्रांवर येई. म्हणजे नफ्याच्या साली महासंघाकडे माल कमी आणि तोट्याच्या साली ढीग. चढउतारासाठी राखलेला निधी अशाने भरणार कसा? सातपुड्यावर भिंत बांधता येत नव्हती. अखेर 2002 मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना खरेदी मोकळी झाली.

2021-22 चा हंगाम आठवावा. लांब धाग्याच्या कापसाचा हमी भाव 6,025 रुपये क्विंटल होता आणि खुल्या बाजारात भाव दहा हजारांवर गेला. शेतकरी भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, हमी भावाच्या केंद्रांकडे फिरकला नाही, आणि कोणी त्याला अडवलंही नाही. पुढे मंदीच्या साली तोच शेतकरी सीसीआयच्या दारात रांगेत उभा राहिला. मोकळ्या बाजाराची बाजू घेणाऱ्याला ही रांग अडचणीची वाटू नये. हमी भावाचा खर्च करदात्याने किती सोसावा हा वाद वेगळा, आणि तो व्हायलाच हवा. पण जायचं की नाही हे जिथे शेतकरी ठरवतो ते केंद्र, आणि जिथे जाण्यावाचून गत्यंतर नाही ते केंद्र, यांत मूलभूत अंतर आहे.

या अंतराची मुळं राज्यघटनेपर्यंत जातात. कलम 19 ने नागरिकाला व्यवसाय-व्यापाराचं स्वातंत्र्य दिलं. दीड वर्ष पुरं व्हायच्या आत, जून 1951 मध्ये, पहिली दुरुस्ती झाली आणि नागरिकांना बाजूला सारून एखादा व्यापार सर्वस्वी स्वतःकडे घेण्याची मुभा सरकारला मिळाली. भाषणस्वातंत्र्याला धक्का लागला की आपल्याकडचा सुशिक्षित वर्ग अस्वस्थ होतो, आणि व्हायलाच हवं. विकण्याचं स्वातंत्र्य गेलं तेव्हा मात्र तो प्रश्न शेतकऱ्यांच्या भावाचा म्हणून बाजूला पडला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी बाजारपेठेच्या आणि तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी एकत्र मांडली, ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. त्यांनी शेतकऱ्याकडे अनुदानाचा लाभार्थी म्हणून पाहिलं नाही, हक्क असलेला नागरिक म्हणून पाहिलं.

त्यातली दुसरी, तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी अजून बाकी आहे. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला सरकारची मान्यता नाही. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने ते बियाणं उघडपणे पेरून सत्याग्रह केला. तेव्हाच्या कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होती. तपासण्या करा, निष्कर्ष लोकांपुढे ठेवा, धोका असेल तर पुराव्यासह सांगा. निर्णय मात्र वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवायचा आणि पेरणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचं, हे अन्यायाचं आहे. निंदणीला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही, ही अडचण शेतकऱ्यापुढे दर पावसाळ्यात येते.

म्हणून मे-जूनमध्ये गुजरात आणि मध्य प्रदेशातून या मान्यता नसलेल्या बियाण्याची, म्हणजे चोर बीटीची, पाकिटं जळगाव-धुळ्यात येतात. पूर्वी याच वाटांनी कापूस लपूनछपून बाहेर जाई, आता बियाणं आत येतं. पाकिटाला बिल नसतं. ते उगवलं नाही तर तक्रार करायची सोय नाही, कारण तक्रार म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली. शेतकरी दुबार पेरणीचे पैसे उसने घेतो आणि गप्प राहतो.